फंक्शनल प्रोग्रामिंग: दोन टक्क्यांचं, की सगळ्यांचं?

मळवलीहून मी पुन्हा हजर आहे. लोकलच्या गोंगाटात ज्यांना एपिसोड धड ऐकू आला नाही, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी तो नेहमीसारखा इथं लिहून काढलाय. बोलण्याच्या ओघातली वाक्यं तशीच ठेवलीत, तेवढं चालवून घ्या.

आजचा विषय तुमच्यापैकीच बऱ्याच जणांनी मागितलेला आहे. इंटरव्ह्यूला गेलं की समोरचा विचारतो, "फंक्शनल प्रोग्रामिंग येतं का?" आणि आपण गप्प. सी शिकलो, जावा शिकलो, पायथन शिकलो, पण या नावाचा धडा नेमका कुठे होता ते आठवत नाही. मग घरी येऊन मोबाईलवर शोधायला लागलं की दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक म्हणतो, हे मूठभर विद्वानांचं काम आहे, नोकरीत कोणी विचारत नाही. दुसरा म्हणतो, अरे आता सगळं फंक्शनलच आहे.

दोघंही खोटं बोलत नाहीत. ते "फंक्शनल" हा शब्द वेगवेगळ्या मापानं वापरतायत, एवढंच. म्हणून आज आपण या शब्दाचा इतिहास बघू. त्या इतिहासात प्रिन्स्टन आहे, एडिनबरा आहे, आपलं पुणे विद्यापीठ आहे, आणि तुमच्यापैकी कित्येकांनी केलेला एमएस-सीआयटीचा कोर्सही आहे. शेवटी हेही बघू की हा नुसता शब्दांचा वाद का नाही. कारण या मापावरून "प्रोग्रामर कोण" हे ठरतं, आणि कोणाचं काम तपासलं जातं हेही.

तिकिटाचा तक्ता आणि डब्यातली गर्दी

आधी शब्द. आपल्याकडे फंक्शन म्हटलं की हळदीचं फंक्शन नाहीतर शाळेचं गॅदरिंग आठवतं. इथं मात्र गणितातलं फंक्शन, म्हणजे ज्याला आपण बारावीला "फल" म्हणायचो ते. एक गोष्ट आत घाला, ठरलेल्या नियमानं एक गोष्ट बाहेर येते. तीच गोष्ट पुन्हा आत घातली की पुन्हा तेच बाहेर. सात आठे छप्पन्न हे मळवलीतही छप्पन्न आणि लोणावळ्यातही छप्पन्न, सकाळीही आणि रात्रीही.

आपल्या पुणे-लोणावळा लोकलचं उदाहरण घ्या. मळवली ते शिवाजीनगर तिकीट किती, हे दोन स्टेशनांवरून आणि कुठल्या वर्गानं जाताय त्यावरून ठरतं. तिकीट कोणी काढलं, त्याआधी किती जणांनी काढलं, याचा काही संबंध नाही. रेल्वेनं दर बदलले तर नवा तक्ता येतो, पण एका तक्त्यात एका प्रश्नाला एकच उत्तर. हे झालं फंक्शन.

आता दुसरा प्रश्न विचारा: डब्यात बसायला जागा आहे का? याचं उत्तर तक्त्यात नाही. कामशेतला किती चढले, तळेगावला किती उतरले, तुम्ही कुठल्या क्षणी विचारताय, त्यावर ते ठरतं. दर मिनिटाला बदलतं. याला प्रोग्रामिंगच्या भाषेत "स्टेट" म्हणतात. आपण त्याला "त्या घडीची स्थिती" म्हणू.

नेहमीचं प्रोग्रामिंग बरंचसं डब्यातल्या गर्दीसारखं चालतं. मेमरीत एक खोका करायचा, त्यात आकडा ठेवायचा, मग पुसायचा, नवा लिहायचा. "क्ष = क्ष + १" हे वाक्य आपण पहिल्याच आठवड्यात शिकतो. गणिताच्या सरांना ते दाखवलं तर ते म्हणतील, कुठलाही आकडा स्वतःपेक्षा एकनं मोठा कसा असेल? कारण ते विधान नाहीच, हुकूम आहे: खोक्यातला आकडा काढ, त्यात एक मिळव, परत ठेव.

फंक्शनल प्रोग्रामिंगचा मूळ आग्रह एवढाच: शक्य तितकं काम तिकिटाच्या तक्त्यासारखं लिहा आणि गर्दीसारखं कमीत कमी लिहा.

कॉम्प्युटरच्या आधीची गोष्ट

हा आग्रह कॉम्प्युटरपेक्षा जुना आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत प्रिन्स्टनला अलोन्झो चर्च नावाच्या गणितज्ञानं एक लहानशी चिन्हपद्धत तयार केली, लॅम्डा कॅल्क्युलस. तिच्यात फंक्शन तयार करणं आणि फंक्शन लावणं याखेरीज काहीच नाही. खोके नाहीत, पुसापुशी नाही. १९३६ मध्ये अॅलन ट्युरिंगनं वेगळ्या वाटेनं जाऊन एक काल्पनिक यंत्र कागदावर मांडलं: लांब पट्टी, तिच्यावर लिहायचं, पुसायचं, पुढे सरकायचं. मग सिद्ध झालं की दोन्ही पद्धतींची ताकद अगदी सारखी आहे. जे एकीनं मोजता येतं ते दुसरीनंही येतं. पुढे ट्युरिंगनं चर्चच्याच हाताखाली प्रिन्स्टनला पीएचडी केली.

म्हणजे सुरुवातीलाच दोन रस्ते होते. प्रत्यक्ष यंत्रं बनली ती मात्र खोक्यांच्या रस्त्यानं. ते साहजिकही होतं, तारा आणि व्हॉल्व्ह जोडून मेमरी बनवायची तर खोकेच बनणार. १९५७ मध्ये आयबीएमच्या जॉन बॅकस यांच्या टीमनं फोरट्रान ही भाषा आणली आणि खोके भरण्या-पुसण्याचं काम सोपं झालं. १९५८ पासून एमआयटीमध्ये जॉन मॅकार्थी यांनी लिस्प ही भाषा घडवायला घेतली. तिच्यात चर्चचं लॅम्डा हे चिन्हच उचललेलं होतं.

या कथेतलं गमतीचं वळण १९७७ चं. त्या वर्षी बॅकस यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान, ट्युरिंग पुरस्कार मिळाला, त्यात फोरट्रानचा वाटा मोठा. आणि पुरस्काराच्या व्याख्यानात त्यांनी आपल्याच वाटेवर टीका केली! त्यांचं म्हणणं असं: प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामध्ये एक चिंचोळी वाट आहे, आणि आपल्या सगळ्या भाषा त्या वाटेवरून एकेक आकडा नेण्या-आणण्याच्या हुकमांनी भरल्यात. खंडाळ्याच्या घाटात एकच लेन चालू ठेवली की सगळी वाहतूक जशी रांगेत उभी राहते, तसं. विचारही मग तसाच रांगेत चालायला लागतो. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय होता फंक्शनांनी प्रोग्राम रचणं.

या व्याख्यानानंतर जोर वाढला. एडिनबऱ्यात रॉबिन मिलनर यांच्या गटाची एमएल ही भाषा आधीपासून होतीच. १९८५ मध्ये डेव्हिड टर्नर यांची मिरांडा आली. अशा भाषा इतक्या झाल्या, की १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलँडला एका परिषदेत जमलेल्या लोकांनी ठरवलं, सगळ्यांनी मिळून एकच सामायिक भाषा करू. १९९० मध्ये तिचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. ती भाषा म्हणजे हॅस्केल. हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचं नाव तिला दिलं.

आणि पुण्यात काय चाललं होतं?

आपल्याला वाटतं, हे सगळं तिकडे लांब. पण १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एसीएम या संस्थेच्या संगणकशिक्षणाच्या पत्रिकेत एक लेख आला. लेखक आर. पी. मोडी, पत्ता पुणे विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग. विषय: सी ही भाषा शिकवण्यासाठी कितपत योग्य आहे. सूर स्पष्ट टीकेचा होता. हे त्या काळात म्हणणं सोपं नव्हतं, कारण सी आलं म्हणजे नोकरी आली असा तो काळ.

त्याच विभागात मोडी यांनी गोफर या छोट्या फंक्शनल भाषेत फेरफार करून ती शिकवण्यासाठी वापरली. गोफर ही हॅस्केलचीच धाकटी बहीण, ऑक्सफर्डच्या मार्क जोन्स यांनी १९९१ च्या सुमारास केलेली, साध्या कॉम्प्युटरवरही चालणारी. पुण्याच्या आवृत्तीचं नाव पडलं पुगोफर, म्हणजे पुणे विद्यापीठाचा गोफर. हॅस्केलचा पहिला आराखडा येऊन फार वर्षं झाली नव्हती, तेव्हा गणेशखिंडीत पोरं फंक्शनांतून विचार करायला शिकत होती.

योगायोग बघा, त्याच १९९१ मध्ये आणि त्याच रस्त्याच्या आसपास सी-डॅकनं परम ८००० हा महासंगणक तयार केला. त्यात फंक्शनल भाषा होती असं मी म्हणत नाहीये. पण त्याची कल्पना अशी, की एका मोठ्या प्रोसेसरऐवजी अनेक प्रोसेसर एकाच वेळी कामाला लावायचे. आणि अनेक जण एकाच खोक्यात लिहायला-पुसायला लागले की काय होतं? एका वहीत चार जणांनी एकदम हिशोब लिहिल्यासारखं. तक्ता मात्र चारशे जणांनी एकदम वाचला तरी बिघडत नाही. आज तुमच्या हातातल्या साध्या फोनमध्ये आठ-आठ कोअर असतात, म्हणजे तो प्रश्न आता खिशात येऊन बसलाय.

चार चाळण्या

आता मुद्द्यावर येऊ. कुठल्या प्रोग्रामिंगला फंक्शनल म्हणायचं? मला विचाराल तर वापरात चार वेगळ्या चाळण्या आहेत. आधी एक गैरसमज बाजूला करू. सी मध्ये "फंक्शन" लिहिलं म्हणजे फंक्शनल झालं असं नाही. त्या फंक्शनच्या आतून बाहेरचा खोका बदलता येतो, आणि तेच दोनदा बोलावलं तर दोन वेगळी उत्तरं येऊ शकतात.

पहिली चाळण सवयीची. भाषा कुठलीही असू दे, लिहिणारा माणूस पुसापुशी टाळतो, यादीवर "मॅप" नि "फिल्टर" चालवतो, लहान लहान फंक्शनं जोडतो. ही सगळ्यात मोठ्या भोकांची चाळण. हिच्यातून जवळजवळ कोणीही खाली पडू शकतो.

दुसरी चाळण देवाणघेवाणीची. फंक्शन ही आकड्यासारखीच वस्तू समजली जाते का? एक फंक्शन दुसऱ्या फंक्शनच्या हातात देता येतं का? जावास्क्रिप्टला हे १९९५ च्या जन्मापासून जमतं. तिचे कर्ते ब्रेंडन आइक यांना मुळात ब्राउझरमध्ये स्कीम, म्हणजे लिस्पच्याच घराण्यातली भाषा, आणायला म्हणून घेतलं होतं. पायथनला जमतं. जावाला लॅम्डा मिळाला २०१४ मध्ये, आठव्या आवृत्तीत.

तिसरी चाळण न बदलण्याची. एकदा नाव दिलेलं मूल्य बदलायचं नाही, हा नियम भाषेत मुळातच आहे का? १९८६ च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी जन्मलेली एरलँग यात बसते. २००७ ची क्लोजर बसते. पुण्यात मोठं इंजिनिअरिंग काम असलेल्या हेल्पशिफ्टनं आपलं बरंच काम याच क्लोजरवर उभं केलं.

चौथी चाळण कडक सोवळ्याची. स्क्रीनवर छापणं, फाइलमध्ये लिहिणं, नेटवर्कशी बोलणं, अशा "बाहेरच्या" गोष्टी कुठे होतात ते भाषा तुम्हाला उघडपणे लिहायला लावते. बाकीच्या भागात त्यांना शिवूच देत नाही. हॅस्केल इथली. आणि ही काही फक्त वर्गातली भाषा नाही. बंगळुरूची जसपे ही पेमेंटचं काम करणारी कंपनी हॅस्केल वापरते, आणि २०२२ मध्ये सुरू झालेल्या नम्मा यात्री या रिक्षाच्या अॅपचा मागचा भागही हॅस्केलमध्येच आहे.

मग किती प्रचलित?

चाळण बदला, उत्तर बदलतं. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२३ च्या सर्वेक्षणात हॅस्केल वापरतो म्हणणारे जेमतेम २ टक्के होते, आणि जावास्क्रिप्टवाले ६३ टक्क्यांच्या वर. चौथी चाळण धरली तर फंक्शनल प्रोग्रामिंग म्हणजे मूठभरांचं काम. दुसरी धरली तर जवळजवळ सगळे आत.

आणि वापरणाऱ्यांच्या बाजूनं मोजलं तर? तुम्ही सगळे व्हॉट्सअॅप वापरता. त्याचा सर्व्हर एरलँगवर उभा राहिला. २०१४ मध्ये फेसबुकनं ते १९ अब्ज डॉलरना विकत घेण्याचं ठरवलं, तेव्हा सुमारे ४५ कोटी लोक ते वापरत होते आणि इंजिनिअर होते फक्त ३२. तुमच्या फोनवरच्या अॅपचे पडदे बघा. २०१३ ला खुल्या झालेल्या रिअॅक्टनं एक विचार रुजवला, की पडदा म्हणजे माहितीचं फंक्शन: ही माहिती आत, हा पडदा बाहेर. आज अँड्रॉइडचं जेटपॅक कंपोज आणि अॅपलचं स्विफ्टयूआय याच विचारावर चालतात.

पण हे सगळं धरूनही सगळ्यात मोठा गट राहतोच. त्यासाठी आपल्याला एका फळ्याकडे जावं लागेल.

फळ्यावरून एक्सेलकडे

१९७८ मध्ये डॅन ब्रिकलिन हार्वर्डला बिझनेसचं शिक्षण घेत होता. सर फळ्यावर मोठा हिशोबाचा तक्ता मांडायचे. एक आकडा चुकला किंवा बदलला, की पुढचे सगळे पुसून एकामागून एक पुन्हा लिहायचे. ब्रिकलिनच्या मनात आलं, असा फळा हवा की एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलतील. त्यानं आणि बॉब फ्रँकस्टननं १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क आणलं. त्याच्या मागून लोटस आलं, मग १९८५ मध्ये एक्सेल.

आता एक प्रयोग करा, हातातल्या फोनवरच. गूगल शीट्स उघडा. बी१ या खान्यात "= बी१ + १" असा फॉर्म्युला टाका. लगेच तक्रार येईल: सर्क्युलर, म्हणजे गोल फिरणारा संदर्भ आहे, चालणार नाही. "क्ष = क्ष + १" हा हुकूम, जो प्रत्येक प्रोग्रामर पहिल्या आठवड्यात शिकतो, तो स्प्रेडशीट नाकारते! तिथं खाना म्हणजे खोका नाही, व्याख्या आहे. सी१ म्हणजे ए१ गुणिले बी१. ती व्याख्या तुम्ही आधी लिहा की नंतर, काही फरक पडत नाही. कुठलं आधी मोजायचं हे शीट स्वतः शोधते. पुसापुशी नाही, हुकमांचा क्रम नाही. हे फंक्शनल नाही तर काय?

हॅस्केलच्या मूळ कर्त्यांपैकी एक, सायमन पेटन जोन्स, वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत: जगात सगळ्यात जास्त वापरली जाणारी फंक्शनल भाषा म्हणजे एक्सेलचे फॉर्म्युले.

यावर कोणी आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. "आजची तारीख" किंवा "रँडम आकडा" देणारे फॉर्म्युले दर वेळी वेगळं उत्तर देतात. मॅक्रोमध्ये तर हवी तेवढी पुसापुशी करता येते. मोठा आक्षेप दुसऱ्या चाळणीचा: एक्सेलमध्ये स्वतःचं नवं फंक्शन फॉर्म्युल्यातून बनवताच येत नव्हतं, मग देणार-घेणार काय? ही उणीव खरी होती. पेटन जोन्स यांनी सहकाऱ्यांबरोबर २००३ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला, आणि डिसेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सेलमध्ये ती सोय जाहीर केली. तिचं नाव काय ठेवलं? लॅम्डा! चर्चचं कागदावरचं अक्षर ऐंशीएक वर्षांनी अकाउंटंटच्या टेबलावर आलं. २०२२ मध्ये गूगल शीट्सनंही ते घेतलं.

यातून एक गोष्ट कळते. या चार चाळण्या एकाखाली एक ठेवलेल्या नाहीत. जावास्क्रिप्ट दुसरीतून पार होते, चौथीत अडकते. एक्सेल इतकी वर्षं दुसरीत अडकत होतं, पण बिनमॅक्रोच्या शीटपुरतं चौथीच्या बरंच जवळ होतं. म्हणून "अमुक भाषा फंक्शनल आहे का" याला हो-नाही असं एक उत्तर नाही. "कुठल्या बाबतीत" हे विचारावं लागतं. इंटरव्ह्यूत कोणी विचारलं तर हेच सांगा, आणि आपल्या कामातलं एक उदाहरण द्या.

एमएस-सीआयटी आणि "मी फक्त शीट भरते"

आता आपल्या घरातली गोष्ट. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि त्याच सुमाराला एमएस-सीआयटी सुरू झाला. सरकारी नोकरीला चालतो म्हणून गावोगावच्या लाखो मुलामुलींनी हा कोर्स केला. त्यात एक्सेल असतंच. म्हणजे ज्या पोरांनी सी चं तोंडही पाहिलं नाही, त्यांनी खेड्यातल्या दहा बाय बाराच्या क्लासमध्ये बसून "इफ", "सम", "व्हीलुकअप" लिहिलं. फंक्शनच्या आत फंक्शन घातलं. हॅस्केलवाले ज्याला कंपोझिशन म्हणतात, ते केलं. कोणी त्यांना सांगितलं नाही की हे प्रोग्रामिंग आहे.

आमच्या पवन मावळात गुलाबाची पॉलिहाऊस बरीच आहेत. व्हॅलेंटाइनच्या आधीचे पंधरा दिवस तिथं झोप नसते. तिथल्या एका ताईंची शीट मी पाहिली. रोजची तोड, दांडीच्या लांबीप्रमाणे प्रत, प्रतीप्रमाणे दर, खराब निघालेला माल वजा, मजुरी, आणि एका खान्यात "आज पाठवावं की थांबावं". मी म्हटलं, "ताई, हा प्रोग्राम आहे." त्या हसल्या. "काहीतरीच काय गं! मी फक्त शीट भरते. प्रोग्रामिंग आमच्या पुतण्याला येतं, तो हिंजवडीला आहे."

पुतण्याच्या कामाला कोड म्हणतात, त्याला पगार वेगळा आणि मान वेगळा. ताईंच्या कामाला डेटा एन्ट्री म्हणतात. दोघांच्या कामात दर चुकला तर नुकसान होतंच. पण पुतण्याचा कोड दुसरा माणूस वाचतो, त्याच्या चाचण्या होतात, जुन्या आवृत्त्या जपल्या जातात. ताईंच्या शीटला यातलं काही मिळत नाही, कारण आपण तिला प्रोग्राम म्हणतच नाही.

हे फक्त मावळात होतं असं नाही. २०१० मध्ये दोन नामवंत अर्थतज्ज्ञ, कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ, यांनी एक निबंध लिहिला. देशाचं कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपुढे गेलं की वाढ खुंटते, असा त्याचा अर्थ घेतला गेला. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्च कापावा म्हणणाऱ्यांनी त्याचा आधार घेतला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानं त्यांची एक्सेल शीट मागवून घेतली. सरासरीच्या फॉर्म्युल्यात खालच्या काही ओळी घ्यायच्याच राहिल्या होत्या, पाच देश वगळले गेले होते. फरक पडायला बाकीची कारणंही होती, ही एकच चूक नव्हती. पण तीन वर्षं त्या फॉर्म्युल्याकडे कोणी प्रोग्राम म्हणून बघितलं नव्हतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले. कारण माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती आणि तिच्यात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. दोष एक्सेलच्या फंक्शनल स्वभावाचा नव्हता. एवढं जबाबदारीचं काम करणाऱ्या गोष्टीला "फक्त शीट" समजलं, तिथं घोळ होता.

तर मग करायचं काय?

शब्दाचं माप लहान ठेवलं की दोन प्रकारचं नुकसान होतं. शीट करणाऱ्याला स्वतःची किंमत कळत नाही, आणि शीटला तपासणी मिळत नाही. म्हणून मी मोठं माप वापरते. ताईंना मी फंक्शनल प्रोग्रामर म्हणते, आणि म्हणूनच त्यांच्या शीटकडून प्रोग्रामकडून ठेवतात त्याच अपेक्षा ठेवते.

त्या अपेक्षा फार अवघड नाहीत. कच्ची माहिती एका पानावर आणि फॉर्म्युले दुसऱ्या पानावर ठेवा, म्हणजे कशावरून काय निघालं ते दिसतं. दर, टक्के असे आकडे फॉर्म्युल्याच्या पोटात दडवू नका, वेगळ्या खान्यात नाव देऊन ठेवा. उत्तर आधीच माहीत आहे अशी दोन-तीन उदाहरणं शीटमध्ये कायमची ठेवा आणि ती जुळतात का ते अधूनमधून बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, महिन्यातून एकदा दुसऱ्या कोणाला तरी फॉर्म्युले वाचायला द्या. ताईंनी आता ते काम पुतण्याला लावलंय. दर रविवारी तो घरी आला की चहा पिता पिता शीट वाचतो. पहिल्याच रविवारी त्याला खराब मालाच्या वजाबाकीत एक ओळ सुटलेली सापडली.

आणि ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी: एक्सेल येत असेल तर हॅस्केलची भीती बाळगू नका. "खाना म्हणजे व्याख्या" ही सगळ्यात अवघड पायरी तुम्ही आधीच चढलेली आहे. उलट सी-जावावाल्यांना तिथं जास्त त्रास होतो, कारण त्यांना खोके विसरावे लागतात.

तुमच्या घरात, दुकानात, पतसंस्थेत, बचत गटात अशी एखादी शीट असेल, जिच्यावर सगळं चालतं आणि जी एकाच माणसाला कळते, तर तिच्याबद्दल मला व्हॉइस नोट पाठवा. नावं गाळून त्यावर एक एपिसोड करू. तोवर भेटत राहू. मळवलीहून आज इतकंच.